बो ब्रमेल: पुरुषांच्या कपड्यांतला झगमगाट उतरवणारा माणूस आणि त्याच्या साधेपणाची किंमत

गडद निळा कोट, फिकट रंगाचा वेस्टकोट, पांढराशुभ्र शर्ट. बोटांत अंगठ्यांची गर्दी नाही, अत्तराचा घमघमाट नाही. इन्स्टाग्रामवर 'ओल्ड मनी' किंवा 'मिनिमल वॉर्डरोब' असे हॅशटॅग शोधले की असे फोटो दिसतात. खाली बहुतेक वेळा एकच सल्ला असतो: कपडे कमी ठेवा, रंग मोजके ठेवा.

हा सल्ला जुना आहे. सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका तरुणाने याच सूत्रावर स्वतःचे नाव उभे केले. त्याच्याकडे सरदारकी नव्हती, जमीनदारी नव्हती, कुठले मोठे पदही नव्हते. तरी इंग्लंडचा युवराज त्याच्या घरी जाऊन तो कपडे कसे घालतो ते बघत बसायचा. या तरुणाचे नाव जॉर्ज ब्रायन ब्रमेल. लोक त्याला 'बो' ब्रमेल म्हणत. 'बो' हा फ्रेंच शब्द, अर्थ देखणा.

त्याचा पेहराव दिसायला साधा होता, पण तो सांभाळणे अजिबात सोपे नव्हते आणि स्वस्त तर नव्हतेच. या साधेपणामागे काय होते आणि त्याचा शेवट कसा झाला, ते पाहू.

थोडक्यात ओळख

- पूर्ण नाव: जॉर्ज ब्रायन ब्रमेल
- जन्म: ७ जून १७७८, लंडन
- शिक्षण: ईटन आणि काही काळ ऑक्सफर्डचे ओरिएल कॉलेज
- ओळख: इंग्लंडमधल्या 'डँडी' मंडळींचा म्होरक्या
- इंग्लंड सोडले: मे १८१६
- मृत्यू: ३० मार्च १८४०, काँ, फ्रान्स

सरदार नव्हता, तरी दरबारात कसा पोहोचला?

ब्रमेलचे आजोबा लंडनमध्ये खोल्या भाड्याने देणारे साधे गृहस्थ होते. वडील विल्यम ब्रमेल मात्र हुशारीने वर चढले आणि पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांचे खासगी सचिव झाले. त्यामुळे जॉर्जचे बालपण सत्तेच्या उंबरठ्यावर गेले. ईटनसारख्या शाळेत तो बड्या घरच्या मुलांबरोबर शिकला. तिथेच त्याची हजरजबाबी आणि नीटनेटका मुलगा म्हणून ख्याती झाली.

१७९४ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी तो सैन्याच्या दहाव्या लाइट ड्रॅगून्स या घोडदळात दाखल झाला. ही युवराजाची लाडकी पलटण होती. युवराज म्हणजे पुढे राजा झालेले चौथे जॉर्ज. ब्रमेलची आणि त्यांची इथेच मैत्री जमली. १७९६ मध्ये तो कॅप्टन झाला आणि १७९८ मध्ये त्याने नोकरी सोडली. पलटणीची बदली मँचेस्टरला होणार होती आणि त्या कारखान्यांच्या गावात त्याला राहायचे नव्हते, असे सांगितले जाते.

वयात आल्यावर वडिलांच्या संपत्तीतून त्याच्या वाट्याला २० हजार पौंडांहून जास्त रक्कम आली. त्या काळात ही मोठी पुंजी होती. पण तो ज्या लोकांत वावरत होता त्यांच्या जमिनी आणि वाडे पाहता ती फारच तोकडी होती. त्याने मेफेअर भागात ४, चेस्टरफील्ड स्ट्रीट इथे घर घेतले. त्या घरावर आजही त्याच्या नावाची निळी पाटी आहे.

त्याआधी श्रीमंत पुरुष काय घालत?

अठराव्या शतकातल्या युरोपात श्रीमंती अंगावर दाखवायची असे. रेशमी आणि मखमली कोट, त्यावर जरतारी भरतकाम, मनगटाशी लेसच्या झालरी, गुडघ्यापर्यंतच्या चोळण्या, रेशमी मोजे, चकचकीत बकलांचे बूट. डोक्यावर केसांचे टोप किंवा पावडर मारलेले केस. पुरुष स्त्रियांइतकेच रंगीबेरंगी असत.

मात्र हे चित्र ब्रमेलच्या आधीच बदलू लागले होते. इंग्लंडमधले जमीनदार बराच वेळ गावाकडच्या मळ्यांवर, घोड्यावर आणि शिकारीत घालवत. तिथे रेशीम टिकत नसे. लोकरी कोट आणि कातडी बूटच उपयोगाचे. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तर झगमगीत कपडे हे उमरावी माजाचे लक्षण वाटू लागले. १७९५ मध्ये ब्रिटिश सरकारने केसांच्या पावडरीवर कर बसवला आणि अनेकांनी पावडर मारणेच सोडले.

म्हणजे साधेपणाची हवा आधीच होती. ब्रमेलने तिला शिस्त लावली. गावाकडचा, घोडेस्वारीचा वेश त्याने शहराच्या दिवाणखान्यात आणला आणि तो इतक्या अचूकपणे शिवून घेतला की जरतारी कोटच त्याच्या शेजारी बेंगरूळ दिसू लागले.

त्याचा पेहराव नेमका काय होता?

*दिवसा:* पितळी बटणांचा गडद निळा लोकरी कोट, बदामी छटेचा वेस्टकोट, त्याच रंगाची अंगाबरोबर बसणारी विजार आणि गुडघ्याखालपर्यंत येणारे काळे हेशियन बूट.

*संध्याकाळी:* निळा कोट, पांढरा वेस्टकोट, घोट्याशी घट्ट बसणारी काळी विजार आणि रेशमी मोजे.

*दोन्ही वेळा:* पांढरा शर्ट आणि गळ्याभोवती पांढरा गळपट्टा, म्हणजे क्रॅव्हॅट.

रंग एवढेच: निळा, बदामी, पांढरा, काळा. दागिने जवळपास नाहीतच. मग नजर कशावर ठरायची? कापडाच्या पोतावर, शिवणीवर आणि मापावर.

लोकरीचे एक वैशिष्ट्य इथे कामी आले. लोकरीला वाफ देऊन, इस्त्रीने दाबून हवा तसा आकार देता येतो. रेशमाला तसा येत नाही. लंडनचे शिंपी या कामात तरबेज होते. खांद्यावर, छातीवर, कमरेवर कोट शरीराच्या वळणाने बसवायचा, पुढून कमरेशी आडवा कापायचा आणि मागे शेपटासारखी दोन टोके सोडायची, अशी त्याची बांधणी. विजारीला तळपायाखालून पट्टी असे, त्यामुळे ती चालतानाही ताणलेली राही आणि तिला चुण्या पडत नसत.

तो श्वाइट्झर अँड डेव्हिडसन, वेस्टन आणि मेयर अशा नामांकित शिंप्यांकडून कपडे शिवून घेई. आजच्या सॅव्हिल रोच्या परिसरातल्याच या गल्ल्या.

गळपट्ट्याची करामत

सगळ्या पोशाखात एकच गोष्ट लक्ष वेधून घ्यायची: गळपट्टा. तोही साधा पांढरा मलमलचा. पूर्वी असे गळपट्टे मऊ असत आणि थोड्याच वेळात हनुवटीखाली लोंबू लागत. ब्रमेलने त्याला हलकी खळ द्यायला सुरुवात केली. कापड ताठ राहायचे, पण पुठ्ठ्यासारखे कडक व्हायचे नाही.

त्याचे पहिले चरित्रकार कॅप्टन विल्यम जेसी यांनी ही क्रिया तपशिलाने नोंदवली आहे. शर्टाची कॉलर इतकी मोठी असे की दुमडण्याआधी तिच्यात चेहरा झाकला जाई. ती दुमडायची, मग सुमारे फूटभर रुंदीचा गळपट्टा गुंडाळायचा. त्यानंतर मान वर करून हनुवटी हळूहळू खाली आणायची, म्हणजे कापडाला हव्या तशा घड्या पडत. घडी चुकली तर तो गळपट्टा बाद. दुसरा घ्यायचा. एकदा सकाळी भेटायला आलेल्या पाहुण्याला ब्रमेलचा नोकर चुरगळलेल्या गळपट्ट्यांचा ढीग घेऊन जिन्यात भेटला. हे काय, असे विचारल्यावर, हे आमचे फसलेले प्रयत्न, असे त्याने सांगितल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे.

अंघोळ हीसुद्धा फॅशन

ब्रमेलचा आणखी एक आग्रह आज आपल्याला विशेष वाटणार नाही, पण तेव्हा तो होता. तो रोज अंघोळ करी, दाढी गुळगुळीत करी, दात घासे. भारतीय वाचकाला यात नवल ते काय, असे वाटेल. पण त्या काळच्या युरोपातल्या उच्चभ्रू घरांत रोज पूर्ण अंघोळ करण्याची पद्धत नव्हती. अंगाचा वास अत्तराने आणि केसांची अवस्था पावडरीने झाकली जाई.

त्याचे मत उलट होते: अत्तर नकोच, भरपूर पांढरे कपडे हवेत आणि ते गावाकडे धुतलेले हवेत. गावाकडे का, तर लंडनच्या हवेत कोळशाचा धूर. तिथे वाळत घातलेल्या पांढऱ्या कापडावर काजळी बसायची. मोकळ्या हवेत, गवतावर वाळवलेले कापड शुभ्र राही. मराठीत 'परीटघडीचे कपडे' हा शब्दप्रयोग ज्या कडक, स्वच्छ घडीसाठी वापरतात, ती घडी हाच ब्रमेलचा दागिना होता.

चांगल्या कपड्यांविषयीचा त्याचा म्हणून सांगितला जाणारा नियमही याच वळणाचा आहे: रस्त्यावरचा सामान्य माणूस वळून तुमच्याकडे बघू लागला, तर तुमचे काहीतरी चुकले आहे.

साधेपणाचा खर्च किती?

इथे चित्र पालटते. मुलाच्या कपड्यांवर वर्षाला किती खर्च येईल, असे एका बाईंनी त्याला विचारले. काटकसर केली तर ८०० पौंडांत भागेल, असे त्याने उत्तर दिल्याचे सांगतात. त्या काळी लंडनच्या कुशल कारागिराला आठवड्याला साधारण एक पौंड मिळे. म्हणजे ब्रमेलची 'काटकसर' ही कारागिराची पंधरा-सोळा वर्षांची कमाई होती.

उत्तरात थट्टा असेलच. पण हिशेब अगदी खोटाही नव्हता. जरतारी कोट महाग असला तरी एकदा शिवला की वर्षानुवर्षे चाले. धाग्यांच्या झगमगाटात डाग आणि चुण्या लपत. पांढरा गळपट्टा दिवसभरही टिकत नसे. तो रोज नवा हवा, म्हणजे रोज धुणे, खळ, इस्त्री. अंगाबरोबर बसणाऱ्या कोटात शिंप्याची बारीकशी चूकही उघडी पडे. बूट इतके चमकावे लागत की ते काम करायला माणूस ठेवावा लागे.

दिसणाऱ्या वस्तू कमी झाल्या आणि न दिसणारे कष्ट वाढले. हे कष्ट शिंप्याचे, नोकराचे आणि गावाकडच्या धुणाऱ्या बायकांचे होते. ब्रमेलच्या अंगावरची प्रत्येक कोरी घडी दुसऱ्या कोणाच्या तरी हातातून आलेली होती. स्वतः त्याचाही वेळ जाई. सकाळची तयारी काही तास चाले, आणि युवराजासह बडी मंडळी ती पाहायला येत.

मैत्री तुटली, पत गेली

ब्रमेलचे सगळे वजन दोन गोष्टींवर होते: युवराजाची मैत्री आणि उधारी. १८११ मध्ये युवराज राजप्रतिनिधी झाले. तोपर्यंत दोघांत कुरबुरी सुरू झाल्या होत्या. जुलै १८१३ मध्ये ब्रमेल आणि त्याच्या तीन मित्रांनी एक मोठा नाचाचा समारंभ दिला. युवराज आले, इतरांशी बोलले, पण ब्रमेलकडे पाहूनही न पाहिल्यासारखे केले. त्यावर ब्रमेलने शेजारच्या लॉर्ड अल्व्हान्ली यांना मोठ्याने विचारले की हे तुमचे जाडे मित्र कोण. युवराज आपल्या वजनाविषयी हळवे होते. तो घाव बरा झाला नाही.

त्यानंतरही काही वर्षे तो व्हाइट्स क्लबच्या खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कपड्यांवर शेरे मारत राहिला. पण जुगारात तो हरत होता आणि मित्रांबरोबर मिळून काढलेल्या कर्जावरून बोभाटा झाला. मे १८१६ मध्ये एका संध्याकाळी त्याने ऑपेरात हजेरी लावली आणि तिथून निघून रातोरात समुद्र ओलांडून फ्रान्समधले कॅले बंदर गाठले. इंग्लंडमध्ये थांबला असता तर कर्जापायी तुरुंगात जावे लागले असते. थोड्याच दिवसांत त्याच्या घरातल्या वस्तूंचा लिलाव झाला.

कॅलेमध्ये तो मित्रांनी पाठवलेल्या पैशांवर चौदा वर्षे राहिला. १८३० मध्ये त्याला काँ या शहरात ब्रिटिश वाणिज्यदूताची नोकरी मिळाली. १८३२ मध्ये ते पदच रद्द झाले. १८३५ मध्ये देणेकऱ्यांनी त्याला तुरुंगात टाकले. मित्रांनी पैसे जमवून सोडवले, पण तोवर तब्येत आणि मन दोन्ही ढासळले होते. काही चरित्रकारांच्या मते याला सिफिलिस हा आजार कारण होता.

या उतरणीतला एक तपशील बोलका आहे. ज्याने पांढऱ्या गळपट्ट्याला प्रतिष्ठा मिळवून दिली, त्याला शेवटच्या काळात काळा गळपट्टा वापरावा लागला. काळ्यावर मळ दिसत नाही आणि धुलाईचे पैसे वाचतात. ३० मार्च १८४० रोजी काँमधल्या एका मनोरुग्णालयात तो वारला. वय ६१.

त्याने मागे काय ठेवले?

१८४५ मध्ये बार्बे दॉरव्हिली या फ्रेंच लेखकाने ब्रमेल आणि डँडी वृत्ती यांवर पुस्तक लिहिले. पुढे बोदलेअरने डँडीचा विचार आणखी पुढे नेला. १९३० मध्ये मानसशास्त्रज्ञ जे. सी. फ्लूगेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस पुरुषांनी रंग आणि नटणे सोडून दिले, याला 'पुरुषांचा महात्याग' असे नाव दिले. ऑफिसात, लग्नाच्या स्वागत समारंभात किंवा मुलाखतीला आज जो गडद सूट आणि पांढरा शर्ट दिसतो, त्याची मुळे याच बदलात आहेत. लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवर २००२ पासून ब्रमेलचा पुतळा उभा आहे. आजूबाजूला शर्टांची दुकाने आहेत.

आजच्या मिनिमलिझमपेक्षा तो वेगळा कसा?

आज रोज एकसारखे कपडे घालणारे लोक बहुधा वेळ वाचवण्याचे कारण देतात. बराक ओबामा यांनी राष्ट्राध्यक्ष असताना २०१२ मध्ये सांगितले होते की ते फक्त राखाडी किंवा निळे सूट वापरतात, कारण निर्णय घ्यायला इतर बऱ्याच गोष्टी असतात. स्टीव्ह जॉब्ज यांनी जपानी डिझायनर इस्से मियाके यांच्याकडून काळ्या टर्टलनेकचा मोठा साठा करून घेतला होता. वॉल्टर आयझॅक्सन यांच्या चरित्रात ही हकिगत आहे.

ब्रमेलने पर्याय कमी केले, पण वेळ वाचवला नाही; उलट सगळा दिवस त्याच मोजक्या कपड्यांना दिला. रंग-आकार दोघांकडेही मोजकेच. जॉब्ज आणि ओबामांना कपड्यांचा विचार करायचा नव्हता, ब्रमेलला दुसऱ्या कशाचा करायचा नव्हता.

त्याच्याकडून आज काय घेता येईल?

- माप आधी, ब्रँड नंतर. तयार शर्ट किंवा ब्लेझर खांद्यावर नीट बसत असेल, तर बाही आणि कंबर गल्लीतल्या टेलरकडून आल्टर करून घेता येते. खांदा चुकला असेल तर दुरुस्ती अवघड, म्हणून विकत घेतानाच तो पाहावा.
- एकमेकांशी जमणारे रंग. तीन-चार रंगांतच कपडे ठेवले की कोणताही शर्ट कोणत्याही पँटवर चालतो. कपाट छोटे राहते.
- धुलाईचा हिशेब. खरेदीपूर्वी विचारावे: हे घरी धुता येईल की दर वेळी ड्रायक्लीनला द्यावे लागेल? इस्त्री रोज लागेल का, आणि ती कोण करणार? पांढरा लिननचा शर्ट फोटोत छान दिसतो, पण लोकलच्या गर्दीत अर्ध्या तासात चुरगळतो.
- 'साधे' म्हणून महाग घेऊ नये. लोगो नसलेला साधा टी-शर्टही प्रचंड किमतीला विकला जातो. कर्ज काढून साधे दिसण्याचा प्रयोग ब्रमेलने करून पाहिला आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सूटचा शोध ब्रमेलने लावला का?
नाही. त्याच्या कोटाचे, वेस्टकोटाचे आणि विजारीचे रंग वेगवेगळे असत. एकाच कापडाचा पूर्ण सूट रूढ व्हायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. गडद कोट, पांढरा शर्ट आणि अचूक माप ही दिशा मात्र त्याने पक्की केली.

तो बूट शॅम्पेनने पुसायचा, हे खरे का?
हा किस्सा खूप पसरला आहे, पण ब्रमेलभोवती अशा दंतकथा त्याच्या हयातीतच तयार झाल्या होत्या. एका हातमोज्याची बोटे एकाने आणि अंगठा दुसऱ्याने शिवल्याची गोष्टही त्यातलीच. त्या मनोरंजन म्हणूनच घ्याव्यात.

'डँडी' म्हणजे भडक नटणारा माणूस का?
आज बोलण्यात तसा अर्थ येतो. ब्रमेलच्या काळातला डँडी नेमका उलटा होता: नटल्याचे कोणाच्या लक्षात येऊ नये, म्हणून तासन्‌तास नटणारा.